गेम रंगात आला की पीसी बंद: काय करावे, काय टाळावे

गेम सुरू होतो, पंधरा-वीस मिनिटं सगळं सुरळीत चालतं आणि ऐन लढाईत स्क्रीन काळी. पंख्यांचा आवाजही थांबलेला. घरात पहिला ठपका गेमवर येतो, दुसरा विंडोजवर. पण धडधाकट यंत्राची वीज कुठलाही गेम तोडू शकत नाही. गेम प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड या दोघांकडून एकाच वेळी पूर्ण ताकदीचं काम मागतो, जे ब्राउझर किंवा एक्सेल कधीच मागत नाही. वीज, उष्णता किंवा जोडणी यांत आधीपासून असलेला कच्चेपणा तेव्हा उघडा पडतो. जुलै २०२१ मध्ये अ‍ॅमेझॉनच्या 'न्यू वर्ल्ड' या गेमच्या चाचणी आवृत्तीत काही आरटीएक्स ३०९० कार्डं निकामी झाली, तेव्हाही सगळं खापर गेमवर फुटलं होतं. नंतर ईव्हीजीए कंपनीनं आपल्याच काही कार्डांतलं सोल्डरिंग सदोष असल्याचं सांगितलं.

चुकीच्या अंदाजानं घेतलेलं नवं कार्ड म्हणजे कित्येक घरांची काही महिन्यांची बचत. म्हणून खर्चाआधी तपासणी, आणि तीही फुकटात होणाऱ्या गोष्टींपासून.

काय करावे

पीसी नेमका कसा बंद झाला, ते लिहून ठेवा. निम्मं निदान यातच असतं.
– दिवा विझावा तसा एका क्षणात बंद, आणि एसएमपीएसचा (पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याचा) मागचा स्विच बंद-चालू केल्याशिवाय बटणाला दाद देत नाही: एसएमपीएसनं स्वतःच्या संरक्षणासाठी वीज तोडली आहे. हा सर्वात स्पष्ट पुरावा.
– आधी गेम अडखळू लागला, पंखे जोरात फिरले, मग बंद: उष्णता.
– संदेश लिहिलेली निळी (नव्या विंडोज ११ मध्ये काळी) स्क्रीन दिसली: ड्रायव्हर, रॅम किंवा ओव्हरक्लॉकिंग.
– स्क्रीन काळी, पण पंखे फिरताहेत, हेडफोनमध्ये आवाज येतोय: पीसी बंद झालेलाच नाही. ग्राफिक्स कार्ड, त्याची केबल किंवा ड्रायव्हर बघा.
– आपोआप पुन्हा सुरू झाला: यात वीज तुटणं आणि निळी स्क्रीन अशा दोन शक्यता मिसळलेल्या असतात. विंडोजच्या 'स्टार्टअप अँड रिकव्हरी'मधली 'ऑटोमॅटिकली रीस्टार्ट' ही खूण काढून टाका. निळी स्क्रीन येत असेल तर यापुढे ती थांबून दिसेल.

विंडोजची नोंद वाचा. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'सिस्टिम' या नोंदींत 'कर्नल-पॉवर ४१' सापडेल. तो आकडा बघून घाबरू नका. मागच्या वेळी यंत्र रीतसर बंद झालं नव्हतं, एवढंच तो सांगतो. कारण सांगत नाही. त्याच नोंदीच्या तपशिलात 'बगचेककोड' बघा. तिथं शून्य असेल तर विंडोजला काही लिहायलाही वेळ मिळाला नाही, म्हणजे बहुधा वीज गेली. दुसरा आकडा असेल तर निळ्या स्क्रीनच्या वाटेनं शोध घ्या. आसपास 'व्हीया-लॉगर'च्या नोंदी असतील तर प्रोसेसर, रॅम किंवा कार्डाच्या जोडणीतली चूक हार्डवेअरनं स्वतःच कळवलेली आहे.

यूपीएस बाजूला काढून खेळून बघा. आपल्याकडे हे सर्वात आधी करावं, कारण घराघरांतला यूपीएस ६०० व्हीएचा असतो आणि त्यावरचा आकडा वॅट समजला जातो. ६०० व्हीएच्या अशा यूपीएसची खरी क्षमता बहुतेकदा ३६० वॅट असते. ग्राफिक्स कार्ड २२० वॅट, प्रोसेसर १०० च्या वर, मॉनिटर, पंखे, एसएमपीएसमध्ये वाया जाणारी वीज अशी बेरीज करा, मर्यादा ओलांडलेली दिसेल. त्यात आतली १२ व्होल्टची बॅटरी दोन-तीन वर्षांत थकते. पाण्याचा पंप किंवा एसी सुरू झाला, व्होल्टेज क्षणभर खाली गेलं, यूपीएस बॅटरीवर गेला आणि बॅटरीला भार पेलला नाही. घरातले दिवे चालू, पीसी मात्र बंद. बंद पडताना यूपीएसमधून 'टक्' असा आवाज किंवा बीप आली का, ते आठवा. अर्थिंग असलेल्या भिंतीतल्या सॉकेटला पीसी थेट जोडून एक संध्याकाळ खेळा. फक्त विजा कडाडत असताना हा प्रयोग नको. थेट जोडल्यावर बंद पडला नाही, तर प्रश्न तुमच्या कॅबिनेटमध्ये नव्हताच.

ग्राफिक्स कार्डाची पॉवर लिमिट ७० टक्क्यांवर आणा. एमएसआय आफ्टरबर्नरमध्ये ही एक पट्टी सरकवायची असते. सोबत गेमची फ्रेम मर्यादा ६० ठेवा. पैसा लागत नाही, स्क्रू काढावा लागत नाही आणि उत्तर बहुतेक वेळा एका बैठकीत मिळतं, म्हणून मला ही चाचणी सर्वांत मोलाची वाटते. एवढ्यावर पीसी टिकला, तर विजेचा पुरवठा किंवा उष्णता यांपैकी एक दोषी. तापमानाची नोंद बघून दोघांतला निवाडा होतो. अनेकांना कोडं पडतं ते बेरजेचं. कागदावर ५५० वॅट होतात, एसएमपीएस ६५० वॅटचा आहे, तरी बंद का? कारण कार्डावर लिहिलेला आकडा सरासरीचा असतो. ३२० वॅटचं आरटीएक्स ३०८० काही मिलिसेकंदांपुरतं त्याहून कितीतरी जास्त वीज ओढतं आणि एसएमपीएसचं संरक्षण तेवढ्यात वीज तोडतं. या झटक्यांमुळेच २०२२ मध्ये एटीएक्स ३.० हे मानक आलं. नव्या कार्डांची बारीक पिनांची केबल देणाऱ्या एसएमपीएसनं क्षमतेच्या दुप्पट भार १०० मायक्रोसेकंद सहन करावा, अशी त्यात अपेक्षा आहे.

एसएमपीएसचं लेबल बघा. मोठा छापलेला आकडा सोडा, १२ व्होल्टच्या रकान्यातले अँपिअर वाचा आणि १२ नं गुणा. ५४ अँपिअर असतील तर ६४८ वॅट, म्हणजे ६५० चा दावा खरा. कॅबिनेटबरोबर आलेल्या स्वस्त एसएमपीएसवर '४५०' लिहिलेलं असतं आणि गुणाकार त्याच्या आसपासही जात नाही. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जवळजवळ सगळी वीज याच १२ व्होल्टवर घेतात. '८० प्लस'चा शिक्का वीज किती वाया जाते ते सांगतो. संरक्षण किती चांगलं आहे ते नाही.

कार्डाच्या केबल तपासा. आठ पिनांच्या एका जोडणीला १५० वॅट, मदरबोर्डच्या स्लॉटला ७५ वॅट, असा हिशेब आहे. कार्डाला अशा दोन जोडण्या असतील तर एकाच केबलची दोन टोकं न लावता एसएमपीएसपासून दोन स्वतंत्र केबल आणा. नव्या कार्डांची बारीक पिनांची केबल 'बसली' असं वाटल्यावरही पुन्हा दाबून बघा. २०२२ च्या अखेरीस आरटीएक्स ४०९० चे काही कनेक्टर वितळले, तेव्हा केबल पूर्ण आत गेलेली नसणं हे त्यात वारंवार दिसलेलं कारण असल्याचं एनव्हिडियानं सांगितलं होतं.

तापमान फाइलमध्ये नोंदवत खेळा. हेच काम करणारं एचडब्ल्यूइन्फो फुकट मिळतं. बंद पडताना शेवटचे काही क्षण हुकतील, पण आलेख कुठं चालला होता ते कळेल. रायझन ७००० मालिकेचे प्रोसेसर ९५ अंशांपर्यंत चालावेत असेच बनवलेत, इंटेलच्या बऱ्याच डेस्कटॉप प्रोसेसरची मर्यादा १०० आहे. शिवाय प्रोसेसर आधी स्वतःचा वेग कमी करतो, वीज तोडणं हा त्याचा शेवटचा उपाय. तेव्हा ७० अंशांवर बंद पडलेल्या पीसीचा कूलर बदलून काही साधणार नाही. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे खोलीच चाळिशीला टेकते आणि आतले सगळे आकडे साधारण तेवढ्याच फरकानं वर सरकतात. तिथं चाचणी दुपारी घ्या, पहाटे नको.

कॅबिनेटची बाजू काढून एकदा खेळा. फरक पडला तर हवा खेळत नाही. पीसी बंद करून, पिन काढून, गच्चीत किंवा गॅलरीत ब्लोअरनं धूळ काढा. पंख्याची पाती बोटानं धरून ठेवा. इंटेलच्या कूलरच्या चार प्लॅस्टिक खिट्ट्यांपैकी एक सुटलेली असणं फार नेहमीचं आहे.

रॅमचा वाढीव वेग, म्हणजे बायोसमधला एक्सएमपी किंवा एक्स्पो, बंद करून बघा. निळी स्क्रीन येत असेल तर रॅम तपासणारं मेमटेस्ट८६ रात्रभर लावा.

लॅपटॉप असेल तर त्याचाच अडॅप्टर वापरा. २०० वॅटच्या लॅपटॉपला ६५ वॅटचा टाइप-सी चार्जर लावला, की खेळताना बॅटरी उतरत जाते आणि मग लॅपटॉप झोपतो. बॅटरी फुगून टचपॅड वर आला असेल तर खेळ तिथंच थांबवा.

काय टाळावे

एसएमपीएस उघडू नका. २३० व्होल्टच्या घरगुती विजेवर आतला मोठा कपॅसिटर सव्वातीनशे व्होल्ट किंवा त्याहूनही जास्त व्होल्टेजला भरलेला असतो आणि पिन काढल्यावरही तो भार राहू शकतो. ही सूचना जिवाशी संबंधित आहे. एसएमपीएस दुरुस्त करायचा नाही, बदलायचा.

जुन्या एसएमपीएसच्या केबल नव्याला लावू नका. हार्ड डिस्ककडचं टोक सगळीकडे सारखं असतं, एसएमपीएसकडच्या पिनांची मांडणी नाही. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही ती वेगळी असू शकते. चुकीच्या पिनेतून १२ व्होल्ट गेले की एसएसडी आणि त्यातले फोटो दोन्ही जातात.

पहिलाच उपाय म्हणून विंडोज फॉरमॅट करू नका. पंख्यांसकट सगळं क्षणात बंद होत असेल तर फॉरमॅटनं काहीही बदलत नाही. 'कर्नल-पॉवर ४१ दुरुस्त करणारी' सॉफ्टवेअर तर डाउनलोडच करू नका.

याच अवस्थेत बायोस अपडेट करू नका. मध्येच वीज गेली तर मदरबोर्ड हातचा जाईल. इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरमधल्या दोषासाठी २०२४ मध्ये बायोस अपडेटमधून आलेला मायक्रोकोड खरोखर गरजेचा आहे, पण तो पुरवठा स्थिर झाल्यावर टाका. त्या दोषात गेम कोसळतात. वीज तुटणं हे त्याचं नेहमीचं लक्षण नाही.

फरमार्क आणि प्राइम९५ ही पूर्ण भार टाकणारी सॉफ्टवेअर एकत्र लावून निघून जाऊ नका. संशयित एसएमपीएसवर असा भार टाकायचा तर समोर बसून, थोडा वेळ.

अर्थिंगची तिसरी पिन मोडू नका. कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर आधी इलेक्ट्रिशियन बोलवा, पीसीवाल्याला नंतर.

एका वेळी दोन बदल करू नका. यूपीएस काढला आणि ड्रायव्हरही बदलला, तर कशानं गुण आला ते कधीच कळणार नाही.

जळका वास आल्यावर 'एकदा चालू करून बघू' नको. मुख्य स्विच बंद करा, पिन काढा.

दुकानात 'बंद पडतो' एवढंच सांगू नका. काउंटरवर विंडोज सुरू करून दहा मिनिटं बघितलं, की पीसी 'चालतोय' म्हणून परत येतो. कोणता गेम, किती मिनिटांनी, कोणत्या प्रकारे बंद झाला, पॉवर लिमिट कमी केल्यावर काय झालं, हे लिहून द्या; तापमानाची फाइल पेन ड्राइव्हवर द्या आणि यूपीएसही सोबत न्या. नवा एसएमपीएस मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर घ्या की पुण्याच्या तपकीर गल्लीत, डबा सीलबंद हवा आणि अनुक्रमांकासह जीएसटीचं बिल मागून घ्या. चांगल्या एसएमपीएसची वॉरंटी सात ते दहा वर्षांची असते, आणि ती बिलावरच मिळते.