बाल्कनीतला पुदिना विकायचा की पुदिन्याचं रोप? आधी हिशेब करू



मागच्या रविवारचा व्हिडिओ बघून एका ताईंनी विचारलं, "मॅडम, गच्चीवर हर्ब्सचा व्यवसाय सुरू करतेय. ३५ हजारांचा हायड्रोपोनिक सेट बघून ठेवलाय, उद्या पैसे भरते. चालेल ना?"

ताई, उद्या भरू नका. आठवडाभर थांबा. आजचा धडा त्या आठवड्यासाठीच लिहितेय.

का थांबा म्हणतेय? कारण मी स्वतः यात तोंडघशी पडलेय. काही वर्षांपूर्वी घराजवळच्या एका कॅफेवाल्याने मला आठवड्याला अर्धा किलो बेसिल द्याल का म्हणून विचारलं. भाव ठरला ४०० रुपये किलो. मी उत्साहाने २० कुंड्या लावल्या. पहिली कापणी झकास झाली, प्रत्येक रोपाची २५-२५ ग्रॅम पानं निघाली, बरोबर अर्धा किलो. दुसऱ्या आठवड्यात गच्चीवर गेले तर सगळी रोपं भादरलेली, पानंच नाहीत! ओरबाडून जेमतेम दीडशे ग्रॅम दिली. तिसऱ्या आठवड्यात कॅफेवाल्याने दुसरीकडून माल घेतला. त्याचं काही चुकलं नाही हं. त्याचा पास्ता माझ्या रोपांसाठी थांबणार नव्हता.

घरी बसून वहीत मांडलं तेव्हा खरी गोम कळली. कापलेलं बेसिल पुन्हा भरायला साधारण दोन आठवडे लागतात. म्हणजे दर आठवड्याला अर्धा किलो द्यायचा तर २० नव्हे, ४० कुंड्या हव्यात. शिवाय काही रोपं मरतात, काही फुलावर येऊन निकामी होतात, म्हणून वर १० जादा. झाल्या ५०. आणि मिळकत? आठवड्याला २०० रुपये, महिन्याला ८००. त्यातून पेट्रोल वजा करा. पन्नास कुंड्यांना रोज पाणी घालायला अर्धा तास धरा, म्हणजे महिन्याचे १५ तास. माझा ऑर्डर गेल्याचा राग तिथेच उतरला. ती ऑर्डर टिकली असती तरी मी तोट्यातच होते!

म्हणून माझं स्पष्ट मत सांगते. ज्याच्याकडे फक्त बाल्कनी किंवा छोटी गच्ची आहे, त्याने पानं किलोवर विकायच्या फंदात पडू नये. किलोचा धंदा शेतकऱ्याचा, पॉलिहाउसवाल्याचा. कोथिंबिरीचंही तेच. पेरल्यापासून ४०-४५ दिवस सांभाळायची, एका कुंडीतून एक जुडी निघणार, आणि त्याच दिवशी मंडईत जुडी दहा रुपयांना. कोथिंबीर घरच्या पोह्यांवर घाला, विकू नका.

मग विकायचं काय? जिवंत रोप.

पुदिन्याचंच उदाहरण घेऊ. मंडईतून जाड, ताज्या काड्यांची एक जुडी आणा. खालची पानं काढून टाका, पेराच्या खाली कापा आणि काड्या ग्लासभर पाण्यात उभ्या करा. पाणी एक दिवसाआड बदला. आठ-दहा दिवसांत पेरांपासून पांढरी मुळं फुटतात. मग माती, कोकोपीट आणि कुजलेलं शेणखत अशा मिश्रणात, एका छोट्या कुंडीत तीन-तीन काड्या लावा. पहिले चार दिवस सावलीत, नंतर सकाळचं ऊन. महिन्याभरात कुंडी हिरवीगार. फक्त पुदिन्याच्या कुंडीत दुसरं काही लावू नका, तो शेजाऱ्याला जगू देत नाही.

आता एका कुंडीचा खर्च. माझ्याकडचे आकडे देते, तुम्ही तुमच्या भागातले घाला. छोटी कुंडी १० रुपये, मिश्रण १०, नावाची चिठ्ठी २, आणि न जगलेल्या रोपांचा वाटा ५. एकूण २७. विक्री ६० रुपयांना धरली तर हातात ३३. महिन्याला ४० रोपं गेली तर १,३२० रुपये सुटतात, आणि सुरुवातीचं भांडवल हजार-बाराशेच्या आत. कॅफेच्या ५० कुंड्यांशी तुलना करून बघा.

दुसरी चीज म्हणजे चहाची जुडी. गवती चहाची चार पाती, पुदिन्याच्या दोन काड्या, आल्याचा तुकडा, दोऱ्याने बांधून १५-२० रुपये. पावसाळ्यात आमच्या सोसायटीत ही जुडी नाही म्हणणारं घर मला क्वचितच भेटलं. गवती चहाला बियाणं लागत नाही. कुणाकडून तरी मुळासकट एक ठोंब मागून आणा आणि फोडून लावा. कापताना बुंध्याकडची चार बोटं सोडा, पुन्हा फुटतो. पात्यांची कड धारदार असते, हातमोजे घाला. मी एकदा घातले नव्हते.

बेसिल लावायचंच असेल तर तेही रोप म्हणूनच विका, पण दोन गोष्टी सांभाळा. एक, किराणा दुकानातला सब्जा पेरू नका. सब्जा ही बेसिलचीच जात, उगवतो झकास, पण त्याच्या पानाचा वास वेगळा असतो आणि पास्ता-पिझ्झा करणाऱ्या गिऱ्हाइकाला तो चालत नाही. स्वीट बेसिल असं लिहिलेलं पाकीट घ्या. दोन, रोप वीतभर झालं की शेंडा पानांच्या जोडीच्या वर खुडा. तिथून दोन फांद्या फुटतात. फूल दिसलं की लगेच काढा. आणि गिऱ्हाइकाला सांगा की तोडलेलं बेसिल फ्रिजमध्ये काळं पडतं, ते बाहेरच पाण्याच्या ग्लासात ठेवायचं. ही एक ओळ चिठ्ठीवर छापलीत तरी तक्रारी कमी होतील.

रोजमेरी, थाइम लोक हौसेने मागतात. ही कोरड्या हवेतली झाडं. मुंबई-कोकणाच्या पावसात त्यांची मुळं कुजतात. नवीन माणसाने पहिल्या वर्षी हात लावू नये.

मावा पडला म्हणून कीटकनाशक मारायचं नाही म्हणजे नाही. ही पानं लोक कच्ची खातात. पाण्याच्या फवाऱ्याने मावा धुऊन काढा, कडुनिंबाचं तेल फवारा, आणि त्यानंतर आठवडाभर ते रोप विकू नका.

सोसायटीचं विसरू नका. आठ इंची ओली कुंडी सहा-सात किलोची भरते. ५० कुंड्या म्हणजे तीनशे किलोंच्या वर वजन, ते कठड्यावर टांगायचं नसतं. खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या वाळत घातलेल्या साडीवर शेणखताचं पाणी पडलं, की धंदा कमिटीच्या मीटिंगमध्ये पोहोचतो. कुंड्यांखाली ताटल्या ठेवा आणि कमिटीची परवानगी लेखी घ्या.

कागदपत्रांचं थोडक्यात. रोपं विकणं वेगळं, खायचा पदार्थ तयार करून विकणं वेगळं. उरलेला पुदिना वाळवून पाकिटात भरणार असाल, चटणी किंवा पेस्तो करून विकणार असाल, तर आधी एफएसएसएआयची नोंदणी करा. ती फॉस्कॉस या पोर्टलवर ऑनलाइन होते. वाळवायचा विचार असेल तर एवढं लक्षात ठेवा की एक किलो ताज्या पुदिन्याचा वाळून दीडशे ग्रॅमच्या आसपासच ऐवज उरतो. पाकिटाची किंमत त्यावरून काढा.

आता त्या ताईंच्या ३५ हजारांकडे येते. रोपं आणि चहाच्या जुड्या मिळून बाल्कनीतून महिन्याला दोन-अडीच हजार सुटले तर मी तुमची पाठ थोपटेन. त्यात घर चालणार नाही, पण मुलाच्या क्लासची फी निघेल. तेवढ्यात तो सेट फिटायला सव्वा-दीड वर्ष जाईल, तेही वीज आणि पोषक द्रावणाचा खर्च न धरता. शिवाय एवढा माल निघाला तर घेणार कोण, हे त्या सेटच्या माहितीपत्रकात नसतं.

तर ताई, आणि बाकी सगळेच, या आठवड्याचा गृहपाठ असा. पुदिन्याची एक जुडी आणून वीस काड्या पाण्यात घाला. मुळं फुटेपर्यंत ओळखीच्या दहा घरांत जाऊन विचारा, "साठ रुपयांत पुदिन्याची जिवंत कुंडी दिली तर घ्याल का?" नुसतं "हो, छान आहे" असं उत्तर धरू नका. ज्यांनी दहा रुपये आगाऊ हातावर ठेवले, तेवढीच नावं वहीत लिहा. दहापैकी किती नावं झाली ते मला कळवा. पुढच्या रविवारी त्याच आकड्यांवरून कुंड्या किती घ्यायच्या ते काढू.