वह्यांचा ढीग आणि माझ्यावरचा शिक्का

दहावीत मला भर वर्गात उभं करून ‘कामचुकार’ म्हटलं गेलं. वर ‘राजूरची पोट्टी अशीच’ हेही ऐकवलं. तेव्हा गप्प राहिले. आता धाकटा भाऊ आठवीत तसाच वह्यांच्या ढिगाशी बसलेला दिसतो, म्हणून बोलते.

घर राजूरला, शाळा वणीला. घरी पोचेपर्यंत दिवेलागणीची वेळ. बाबा वेकोलिच्या कोळसा खाणीत, रात्रपाळीला निघेपर्यंत झोपलेले, त्यामुळे मोठ्याने वाचायची सोय नाही. त्यात लाईन जायची. आणि गृहपाठ? गणिताचा सरावसंच, विज्ञानाची प्रयोगवही, भूगोलाचे नकाशे, मराठीचा निबंध, सगळं उद्याच. आज दुसऱ्यांनी किती दिलंय, हे एकाही सरांनी कधी विचारलं नाही.

मला बोलणी बसली ती इतिहासाची दोन उत्तरं राहिली म्हणून. पुढच्या खेपेला जागून वही भरली. एका उत्तराच्या मध्येच लाईन गेली, तिथं वाक्य अर्धं राहिलं आणि खालचं पान कोरं. वही परत आली तेव्हा त्या अर्ध्या वाक्यावर लाल पेनाची बरोबरची खूण होती, कोऱ्या जागेत सही आणि तारीख. मी ते पान पुन्हा पुन्हा पाहिलं. वही कुणी वाचतच नव्हतं! ज्याच्यासाठी माझी झोप गेली आणि नावाला डाग लागला, ते फक्त पानं मोजण्यापुरतं होतं. तो राग अजून गेलेला नाही.

त्यानंतर मी कामाची विभागणी केली. गृहपाठ मिळताच वहीच्या मागच्या पानावर लिहायचा आणि पुढे खूण करायची: डोकं लागणारं की नुसतं उतरवायचं. डोक्याचं काम लाईन असताना. उतरवायचं टॉर्चच्या उजेडातही होतं. तुम्हीही गणिताचं पहिलं उदाहरण मधल्या सुट्टीत शाळेतच सुरू करा. घरी कोरं पान उघडलं की उठून पाणी प्यावंसं वाटतं. अर्धं सुटलेलं गणित दिसलं की हात आपोआप पुढे जातो. अडलात तर पान सोडू नका, जिथं अडलं ती पायरी लिहा आणि तीच सरांना दाखवा. दहावीत गणित-विज्ञानाचे 20-20 गुण शाळेच्या हातात असतात, म्हणून गणिताचा गृहपाठ आणि प्रयोगवही आधी. मोबाईल लांब ठेवा, झोप पुरी घ्या, हे सगळेच सांगतात, खरं आहे.

आईबाबांनो, ‘झाला का अभ्यास?’ असं दारातूनच विचारू नका. ‘आज आधी कुठलं घेतेस?’ असं विचारा. मूल टाळतंय असं वाटलं तर बहुतेक वेळा सुरुवात कुठून करावी हेच त्याला कळत नसतं.

मला फार उशिरा कळलं की केंद्राच्या 2020 च्या शालेय दप्तर धोरणात गृहपाठाला मर्यादा आहे. दुसरीपर्यंत गृहपाठच नको, सहावी ते आठवी दिवसाला 1 तास, नववीपासून जास्तीत जास्त 2 तास, तेही सगळे विषय मिळून. आठवडाभर कुठल्या विषयाला किती वेळ गेला ते कागदावर लिहा आणि पालकसभेत तो कागद पुढे ठेवा. कुणी तुमच्या लेकराला कामचुकार म्हटलंच, तर तपासलेली वही तिथंच मागून घ्या आणि सही असलेलं पान त्यांनाच मोठ्याने वाचायला सांगा.