अडकित्ता, समई आणि जाते

गेल्या पावसाळ्यात आठवीच्या वर्गात एक धडा शिकवीत असता आम्ही फळ्यावर पाच शब्द लिहिले: अडकित्ता, लामणदिवा, वज्री, रोवळी, मापटे. वर्गात त्या दिवशी एकतीस मुले होती. त्यांपैकी 'रोवळी' एका मुलीस ठाऊक निघाली. अडकित्ता म्हणजे काहीतरी अडकवून ठेवण्याचे साधन असावे, असा तर्क एका चुणचुणीत मुलाने केला. तर्क अगदीच टाकाऊ नव्हता. सुपारी दोन पात्यांत अडकते हे खरेच. वर्ग हसला, आम्हीही हसलो. परंतु संध्याकाळी घरी गेल्यावर ते हसू मावळले. आमच्या स्वतःच्या घरी तरी या पाचांपैकी किती वस्तू उरल्या होत्या? एकही नाही.

येथे एक कबुली द्यावयास हवी. काही वर्षांपूर्वी आमच्या जुन्या घराची डागडुजी निघाली, तेव्हा माळ्यावरील पितळेची भांडी मोडीत घातली गेली. त्यांत कमरेइतक्या उंचीची एक समई होती. तिचा मधला दांडा किंचित वाकला होता, एवढाच तिचा दोष. तिचे चार भाग निरनिराळे करून तराजूत टाकले गेले, आणि किलोच्या भावाने पैसे हाती आले. त्या प्रसंगी आम्ही तेथेच उभे होतो आणि 'असू दे' असे म्हणालो. त्यामुळे मुलांच्या अज्ञानाबद्दल खेद करण्याचा आमचा अधिकार बेताचाच आहे, हे मनाशी धरूनच आम्ही यंदाची शैक्षणिक सहल पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाकडे वळविली.

वस्तुसंग्रहालय म्हटले की तलवारी, मुकुट, नाणी आणि भग्न मूर्ती असे चित्र मुलांच्या डोळ्यांपुढे येते. येथे तसे नाही. येथे आपण एका मोठ्या, सुखवस्तू, परंतु अखेर घरगुती अशा संसारातच शिरतो. दिवे, कुलुपे, फण्या, पानाचे डबे, दौती, वाद्ये, खेळणी, कोरीव दरवाजे: ज्यांना इतिहासाच्या पुस्तकात जागा मिळत नाही, अशा वस्तूंची ही वस्ती होय. ती वसविणारे डॉ. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) हे 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहीत. १९२० च्या सुमारास त्यांनी वस्तू जमविण्यास आरंभ केला. त्यांचा एकुलता पुत्र राजा बालवयातच गेला. त्याच्या नावाने हा संग्रह उभा आहे. पत्नी कमलाबाई यांची या उद्योगास अखेरपर्यंत साथ होती. १९६२ साली संग्रहालय स्थापन झाले, आणि १९७५ साली केळकरांनी आपला सारा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. आज त्यात वीस हजारांहून अधिक वस्तू असून सुमारे अडीच हजार मांडलेल्या आहेत; म्हणजे जे आपण पाहतो ते अवघे एक अष्टमांश. पुत्रशोक पुष्कळांच्या वाट्यास येतो. परंतु त्या शोकातून लोकांच्या घरचे अडकित्ते आणि वज्र्या सांभाळण्याची वृत्ती निपजावी, ही गोष्ट आम्हांस कोणत्याही राजवाड्यापेक्षा मोठी वाटली.

आम्ही मुलांना एक नियम घालून दिला होता. प्रथम वस्तू पाहावयाची, चिठ्ठी मागाहून वाचावयाची. वस्तू कशाची केली आहे, ती कोठे झिजली आहे, हात कोठे लागत असावा, हे तिलाच विचारावयाचे. अडकित्त्यांच्या कपाटापुढे हा नियम फार उपयोगी पडला. कोणी घोड्याच्या आकाराचा, कोणी पोपटाच्या, तर कोणाच्या दोन दांड्या म्हणजे समोरासमोर उभी स्त्री-पुरुषांची जोडी. पण आकृती बाजूस सारून पाहिले तर सर्वांची घडण एकच. टोकाला बिजागरी, तिच्याजवळ पाते, आणि दूर मुठी. विज्ञानाच्या तासाला शिकलेली दुसऱ्या प्रकारची तरफ ती हीच. टेकू एका टोकास, भार मध्ये आणि बळ दुसऱ्या टोकास. समजा, सुपारी बिजागरीपासून दोन सेंटिमीटरवर आहे आणि आपली पकड चौदा सेंटिमीटरवर. तर हाताचे बळ सुपारीवर सातपट होऊन पडते. म्हणूनच म्हाताऱ्या आजीच्या थरथरत्या हातांनाही कठीण सुपारी कातरता येई. 'अडकवण्याचे साधन' म्हणणारा आमचा तो तर्कपंडित या कपाटापुढून हलेना.

दिव्यांच्या दालनात आमचा वेळ सर्वांत अधिक गेला. केळकरांचा दिव्यांचा व्यासंग एवढा की त्यांचे 'लॅम्प्स ऑफ इंडिया' हे पुस्तक भारत सरकारच्या प्रकाशन विभागाने १९६१ साली प्रसिद्ध केले. समई, निरांजन, पंचारती, साखळीने टांगलेला लामणदिवा: एकाच ज्योतीची ही किती घरे! जुन्या कारागिरांनी घडविलेल्या दिव्यांत एक प्रकार असा आहे की तेथे सौंदर्य आणि शास्त्र एकत्र नांदतात. त्यात दिव्याच्या वाटीवर एक पक्षी किंवा हत्ती बसविलेला असतो. तो नुसता शोभेचा नव्हे. त्याच्या पोकळ पोटात तेल भरलेले असते आणि खाली एक बारीक छिद्र असते. ते छिद्र तेलात बुडालेले असेतो आत हवा शिरत नाही, म्हणून पोटातील तेल खाली उतरत नाही. वाटीतील तेल जळून पातळी छिद्राखाली गेली की हवेचा बुडबुडा आत जातो आणि तेवढेच तेल बाहेर येते. पुन्हा छिद्र बुडते, पुन्हा सारे थांबते. ज्यांस हे पटणार नाही त्यांनी पाण्याने भरलेली बाटली उथळ ताटलीत उपडी धरून पाहावी आणि ताटलीतील पाणी चमच्याने काढीत जावे. ज्या कारागिरांनी ही युक्ती योजिली त्यांनी हवेच्या दाबावरील धडा वाचलेला नव्हता. पण रात्री उठून दिव्यात तेल घालणाऱ्या बाईचे कष्ट त्यांनी पाहिले असले पाहिजेत.

त्याच दालनात समयांपाशी आम्ही जरा रेंगाळलो. आमच्या समईसारखी हुबेहूब एखादी असेल काय, असे पाहत होतो. मुलांना ते कारण सांगितले नाही.

वज्री म्हणजे पाय घासण्याची पितळी वस्तू. तळ खरखरीत, वरती मोर किंवा हरिण, आणि कित्येकींच्या आत घुंगरू. मुलींना ती फार आवडली. मस्तानीच्या कोथरूड येथील महालाचे अवशेष आणून येथे पुन्हा उभारलेले दालन मुलांनी पाहिले. त्याचे वर्णन ज्याच्या त्याच्या वहीत आहेच. मापट्याची मात्र येथे थोडी उजळणी करू, कारण फळ्यावरचा तो शब्द तसाच राहिला होता. दोन कोळवी म्हणजे एक चिपटे, दोन चिपटी म्हणजे एक मापटे, दोन मापटी म्हणजे एक शेर, आणि चार शेरांची एक पायली. सर्व दुपटीचा हिशेब. निरक्षर माणसालाही बोटांवर करता यावा असा. १९५८ च्या ऑक्टोबरपासून देशात दशमान वजने येऊ लागली आणि ही मापे हळूहळू फडताळात गेली. हिशेब सोपा झाला, यात शंका नाही.

एका दगडी जात्यापुढे आम्ही उभे असता सातवीतील एका मुलाने विचारले, "सर, या दगडाला मधोमध भोक कशाला?" हा प्रश्न आम्ही विसरणार नाही. कारण या मुलाच्या घरी आम्ही अनेकदा गेलो आहोत. त्यांच्या मागील दारी, विहिरीवरून आल्यावर पाय धुण्यासाठी जो गोल दगड पुरलेला आहे, तो जात्याचाच खालचा दगड होय. त्यावर हा मुलगा रोज पायांचा चिखल काढतो. आमच्या कोंकणीत जात्याला 'दांतें' म्हणतात. तोही शब्द त्याने ऐकलेला नव्हता.

संग्रहालयाला दोष देण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. ते नसते तर आज पाहावयासच काही उरले नसते. परंतु काचेमागील जाते मुके असते, हेही खरे. जात्यापाशी बाई कशी बसे, एक पाय लांब आणि एक दुमडून. घास किती घालावयाचा. भरड हवी असेल तर खिळीला चिंधी गुंडाळून वरची तळी किंचित उचलावयाची. हे चिठ्ठीवर मावत नाही. आणि ओव्या? हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी पुण्यातून १९८० नंतरच्या काळात गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या टिपून घेण्याचे काम चालविले. एक हजारांहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी जमविल्या. पीठ दळणाऱ्या बाईने माहेरापासून मरणापर्यंत जे जे मनात आणले ते सारे त्यात आहे. म्हणजे जात्याचा दगड एका ठिकाणी जतन झाला आणि त्याचा आवाज दुसऱ्या ठिकाणी. दोन्ही एकत्र आणणारी माणसे मात्र घरोघरी अजून आहेत, आणि ती आता सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत.

परतताना वाकडी वाट करून आम्ही कुडाळजवळील पिंगुळीस थांबलो. तेथील ठाकर समाजाच्या लोकांनी चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ पिढ्यान्पिढ्या सांभाळला आहे. पुण्याच्या संग्रहात पैठणी शैलीची चित्रे पाहून मुले आलीच होती. रामायण-महाभारतातील प्रसंगांची ती कागदी चित्रे, मोठ्या डोळ्यांची, ठळक रेषांची. पिंगुळीस अशा चित्रांच्या गठ्ठ्याला पोथी म्हणतात. एक एक चित्र उभे धरावयाचे आणि वाद्यांच्या साथीने कथा सांगावयाची. परशुराम गंगावणे यांनी तेथे आपल्या गोठ्याचेच संग्रहालय केले. २०२१ साली त्यांस पद्मश्री मिळाली. पुण्यास चित्र काचेआड होते, येथे ते हातात होते. मुलांना दोहोंतील भेद समजावून सांगण्याची गरज पडली नाही.

आणि इतक्या दूर जाणे सर्वांस शक्य नसेल, तर आपल्या गोव्यातच बाणावली येथे 'गोवा चित्र' हे संग्रहालय आहे. व्हिक्टर ह्यूगो गोम्स यांनी मोडक्या घरांतून, शेतांतून जमविलेली चार हजारांहून अधिक अवजारे व वस्तू तेथे असून ते २००९ साली खुले झाले. घाणा, नांगर, भाताची मापे, मातीची भांडी पाहता पाहता आपल्या आजोबांचा दिवस कसा जात असे ते कळते.

आता त्या मागील दारच्या दगडाकडे वळू. सहलीहून आल्यावर त्या मुलाने घरी चौकशी केली. त्याच्या आजीने सांगितले की वरचा दगड फार वर्षांपूर्वी शेजारी दिला होता. तो शेजारच्या घरी पाण्याच्या पिंपाखाली सापडला. पिंप रिकामे करून, पाच मुलांनी मिळून तो आणला. खालचा दगड उकरून, घासून, धुऊन पडवीत मांडला. खीळ केव्हाच कुजून गेली होती. सुताराने नवी खीळ आणि नवा खुंटा करून दिला. एका शनिवारी, सकाळची शाळा सुटल्यावर, आम्ही काही मुलांसह तेथे गेलो.

आजींना आम्ही प्रथम खुर्चीवर बसवून ओव्या विचारल्या. त्यांस एकही आठवेना. "आतां खंय उगडास उरतलो" असे म्हणून त्या हसल्या. मग त्या जात्यापाशी बसल्या, एक पाय लांब केला, आणि नातवाला समोर बसवून खुंटा धरावयास लावला. तो जोराने ओढू लागताच त्यांनी त्याच्या हातावर चापट मारली: "बळान न्हय रे पुता, लयीर ओड!" दोन-चार फेरे वेडेवाकडे गेले. पुढे दगडाची घरघर एकसारखी झाली आणि आजी गाऊ लागल्या. आम्ही कोणी विचारले नव्हते. एक संपली की दुसरी येत होती, जणू ती त्यांच्या डोक्यात नसून मनगटात होती. रोवळी ओळखणारी ती आठवीतील मुलगी बाजूस बसून भराभरा लिहीत होती.

पीठ जाडेभरडे पडले. आजींनी ते चिमटीत चोळून पाहिले आणि म्हणाल्या की दगड गुळगुळीत झाला आहे, टाकी लावावयास हवी. टाकी लावणारा माणूस पूर्वी वर्षातून एकदा गावात येत असे. तो आता कोठे मिळेल, याचा शोध मुले घेत आहेत. कोणा वाचकास ठाऊक असल्यास शाळेच्या पत्त्यावर अवश्य कळवावे. वहीत सात ओव्या पूर्ण उतरल्या असून आठवी अर्धी आहे. तांदूळ घेऊन पुढच्या शनिवारी पुन्हा या, असे आजींनी बजावले आहे.