पाणी तेच, मग केस का बदलले?

भगिनींनो, केस राठ झाले, फणीत गुंतवळ येऊ लागली की आपल्या पुरुषोत्तमनगरात पहिला दोष बोअरच्या पाण्याला, नाहीतर साबणाला. जड पाण्याने केस राठ होतात हे खरेच. पण घरातले सगळे त्याच पाण्याने नाहतात. एकटीचेच केस बदलले असतील तर कारण शरीरात शोधावे.

प्रत्येक केस दोन ते सहा वर्षे वाढतो, दोन-तीन महिने थांबतो आणि गळतो. रोज ५० ते १०० केस गळणे नेहमीचेच. या चक्रावर हार्मोन्सचा ताबा असतो. गरोदरपणी ती केसांना धरून ठेवतात. बाळंतपणानंतर त्यांचे प्रमाण उतरते आणि दोन ते चार महिन्यांनी केस मुठीने येतात. घाबरू नका, बाळ वर्षाचे होईपर्यंत बहुतेकींचे केस भरून येतात. गुंता झाला आणि कुणी ‘जट आली’ म्हणाले तर ऐकू नका. तेल लावून, मोठ्या दातांच्या फणीने हळूहळू सोडवा.

गळ्यातली थायरॉईड ग्रंथी मंदावली की मात्र केस आपोआप सुधारत नाहीत. ते कोरडे, जाडेभरडे, ठिसूळ होतात, भुवयांची बाहेरची टोके विरळ होतात. सोबत थकवा, थंडी न सोसणे, वजन वाढणे, बद्धकोष्ठ. बाई ते अंगावर काढते आणि घरातले तिला आळशी ठरवतात. केसांपेक्षा हे वाईट.

भांग रुंदावला, केस बारीक झाले, पाळी चुकते, हनुवटीवर राठ केस येतात, तर ‘पीसीओएस’बद्दल डॉक्टरांना विचारा.

एकाच वेळी अनेक घरांत केस गळू लागले तर गोष्ट वेगळी. डिसेंबर २०२४ - जानेवारी २०२५ मध्ये बुलढाण्यातील शेगाव तालुक्यात काही दिवसांत लोकांना टक्कल पडले. तपासणीत रक्तात सेलेनियम जास्त आढळले. असे दिसले तर लगेच आरोग्य केंद्राला कळवा.

महागडे तेल घेण्याआधी शहाद्याला सरकारी दवाखान्यात जाऊन हिमोग्लोबिन आणि ‘टीएसएच’ तपासणीबद्दल विचारा. रक्त कमी असले तरी केस गळतात. थायरॉईडची गोळी सुरू झाली तर सकाळी उपाशीपोटी पाण्यासोबत घ्या, चहा अर्ध्या तासाने. लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी तिच्यापासून चार तास लांब ठेवा. केस सुधारायला काही महिने लागतात. सुधारले म्हणून मनाने गोळी बंद करू नका.