गोधडी ऊब देते काय?

थंडीच्या दिवसांत गोधडी अंगावर ओढली कीं ऊब येते, हा अनुभव लहानथोर सर्वांनाच आहे. त्यावरून पुष्कळ मुलांची अशी समजूत होते कीं, ऊब ही गोधडीच्या पोटांत सांठविलेली असते व ती आपणांस तेथून मिळते. ज्यास हें खरें वाटत असेल त्यानें कोणीहि न पांघरलेल्या गोधडीच्या घडींत थर्मामीटर ठेवून पाहावा. पारा खोलींतील हवेइतकाच राहील. मग ऊब येते कोठून? ह्या प्रश्नाचें उत्तर मला पुस्तकांतून ठाऊक होतें. परंतु त्याचा खरा अर्थ एका रात्रीं, एका विद्यार्थ्याच्या झोळीपाशीं उभा असतां मला समजला.

कांहीं वर्षांपूर्वीं डिसेंबर महिन्यांत आम्ही वरच्या वर्गांतील मुलांस घेऊन महाबळेश्वराच्या पठारावर मुक्कामास गेलों होतों. जमीन दंवानें ओली होत असे, म्हणून कांहीं मुलांनीं निजण्यासाठीं हॅमॉक आणले होते. हॅमॉक म्हणजे कापडाची लांब झोळी. तिचीं दोन टोकें दोन झाडांना बांधतात. ही युक्ति मूळची वेस्ट इंडीज बेटें व आसपासच्या प्रदेशांतील रहिवाशांची. १४९२ सालीं कोलंबस त्या बेटांवर पोंचला, तेव्हां तेथील लोक अशा सुती झोळ्यांत निजत असत. हॅमॉक हा शब्दहि त्यांच्याच भाषेंतून युरोपांत गेला. पुढें खलाशांनीं ही झोळी जहाजांवर नेली. परंतु ती जन्मली उष्ण देशांत, हें विसरतां कामा नये. उष्ण देशांत पाठीखालून वारा खेळणें हें सुख. थंड प्रदेशांत तेंच संकट होय.

त्या रात्रीं अंगानें किरकोळ असा एक मुलगा झोळींत जाड रजई अंथरून व दोन घोंगड्या पांघरून निजला. मध्यरात्रीं पाहतों तों तो थडथड कांपत होता. मीं आपली घोंगडी त्याच्यावर घातली. तरी कांपरें थांबेना. तो म्हणाला, “सर, वरून थंडी नाहीं, पाठ गार पडते.” मीं झोळीच्या खालून हात लावला, तों कापड गारठलेलें, आणि ती जाडजूड रजई त्याच्या भारानें चेपून अगदीं चादरीसारखी पातळ झालेली. माझी चूक माझ्या ध्यानांत आली. मीं वर पांघरुणें वाढवीत होतों, आणि उष्णता मात्र खालून निसटत होती!

त्याला खालीं उतरवून गरम दूध पाजलें व थोडें चालविलें. मग ती रजई झोळींतून काढली, तिच्या चार कोपऱ्यांना सुतळी बांधली, आणि झोळीच्या बाहेरून, खालच्या बाजूस, दुसऱ्या झोळीसारखी टांगली. ती झोळीला सर्वत्र टेकली होती, परंतु तिच्यावर भार नव्हता. रजई तीच, घोंगड्या त्याच. फरक काय तो जागेचा. थोड्याच वेळांत कांपरें थांबलें आणि मुलगा गाढ झोंपीं गेला.

ह्याचें कारण असें. ऊब उत्पन्न करणारी शेगडी म्हणजे आपलें शरीर. निजलेल्या मोठ्या माणसाच्या देहांतून सुमारें ७० वॅट उष्णता सतत बाहेर पडत असते. पांघरूण हें केवळ तिचें राखणदार. तेंहि राखण करतें तें कापसाच्या बळावर नव्हे, तर तंतूंमध्यें अडकून स्थिर राहिलेल्या हवेच्या बळावर. कारण स्थिर हवा ही उष्णतेची फार मंद वाहक आहे. रजई चेपली कीं हवा निघून जाते आणि राखणदारच नाहींसा होतो. जमिनीवर निजणाऱ्याच्या खालीं निदान वारा तरी वाहत नाहीं. झोळीच्या खालून तो रात्रभर उष्णता हरण करीत असतो.

हें तत्त्व काउंट रम्फोर्ड ह्या शास्त्रज्ञानें प्रयोगांनीं दाखविलें व १७९२ सालीं प्रसिद्ध केलें. त्यानें तापविलेल्या थर्मामीटरभोंवतीं रेशीम, लोकर, कापूस, पिसें इत्यादि पदार्थ भरून तो निवण्यास किती वेळ लागतो हें मोजलें. रेशीम मोकळें ठेविलें असतां उष्णता अधिक वेळ टिकली. त्याचाच पीळदार धागा करून भरला असतां ती लौकर गेली.

अमेरिकेच्या पूर्व भागांत ॲपलाचियन ट्रेल नांवाची सुमारें ३,५०० किलोमीटर लांबीची डोंगरी पायवाट आहे. तीवरून झोळी घेऊन जाणारे पुष्कळ प्रवासी थंडींत दोन रजया बाळगतात. एक झोळीखालीं टांगण्याची, दुसरी पांघरण्याची. पांघरण्याच्या रजईस पाठीची बाजू ठेवीतच नाहींत. अंगाखालीं चेपणारा भाग निरुपयोगी, मग त्याचें ओझें कशाला वाहावें?

असा मुक्काम करणाऱ्यांनीं पुढील गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. खालची रजई फार सैल नसावी, नाहींतर मधून वारा शिरेल. फार ताणलेलीहि नसावी, नाहींतर ती चेपेल. तिचीं दोन्ही टोकें नीट मिटवावीं. वर पावसापासून व दंवापासून आडोसा असावा, कारण भिजलेल्या कापसाची किंवा पिसांची ऊब जाते. ह्याच कारणासाठीं तोंड पांघरुणांत घेऊन श्वास सोडूं नये. निजण्यापूर्वीं पोटभर जेवावें, कोरडे कपडे घालावे. बंद तंबूंत शेगडी ठेवून कधींहि निजूं नये; तिचा विषारी वायु झोंपेंतच प्राण घेतो. शरीराची आंतील उष्णता ३५ अंश सेंटिग्रेडच्या खालीं गेली कीं जिवास धोका असतो. कांपणारा सोबती ऊब न मिळतां एकाएकीं कांपावयाचा थांबला व असंबद्ध बोलूं लागला, तर तें बरें झाल्याचें लक्षण समजूं नये. तत्काळ त्याला ऊब द्यावी आणि वैद्यकीय मदत मिळवावी.

आतां घरीं करावयाचा एक प्रयोग. वडील माणसांच्या देखरेखीखालीं दोन सारख्या बाटल्या सारख्याच गरम पाण्यानें भराव्या. सारख्या वजनाचा पिंजलेला कापूस घेऊन एकीभोंवतीं तो फुगीर राहील असा गुंडाळावा, दुसरीभोंवतीं दोऱ्यानें करकचून आवळावा. अर्ध्या तासानें दोहोंतील पाण्याची उष्णता मोजावी व वहींत लिहून ठेवावी.

पालकांसहि एक विनंति आहे. मूल थंडींत मुक्कामास निघालें कीं आपण ‘पांघरावयास काय घेतलेंस?’ असें विचारतों. त्याबरोबरच ‘पाठीखालीं काय असेल?’ हेंहि विचारावें. त्या रात्रीं हा प्रश्न मीं आधीं विचारला असता, तर तो मुलगा मध्यरात्रीपर्यंत कांपत पडला नसता.