कम्युनिटी कॉलेज : एक कॉलेज, दोन वाटा



दहावीचा निकाल लागला की घरोघरी एकच चर्चा सुरू होते : अकरावी की आयटीआय? त्यात कुणीतरी म्हणतंच, "मार्क कमी आहेत ना, मग आयटीआयला टाका." जणू हाताने काम शिकणं ही शिक्षाच! हा समज तपासून बघायला आज अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजची ओळख करून घेऊ.

अमेरिकेतलं सर्वात जुनं सरकारी कम्युनिटी कॉलेज म्हणजे इलिनॉय राज्यातलं जोलिएट ज्युनिअर कॉलेज. ते १९०१ साली अवघ्या ६ विद्यार्थ्यांवर सुरू झालं. पदवीची पहिली दोन वर्षं मुलांना आपल्याच गावात शिकता यावीत, हा त्यामागचा हेतू होता.

आज अशा कॉलेजांत मुख्यतः दोन वाटा असतात.

१) शैक्षणिक वाट : भाषा, गणित, विज्ञान असे विषय घेऊन साधारण ६० क्रेडिट पूर्ण केली की 'असोसिएट' पदवी मिळते. मग विद्यापीठात जाऊन उरलेली पदवी पूर्ण करायची. फी कमी आणि घरी राहून शिकता येतं, त्यामुळे खर्च वाचतो.

२) व्यावसायिक वाट : वेल्डिंग, गाड्यांची दुरुस्ती, नर्सिंग वगैरे. काही प्रमाणपत्रं काही महिन्यांतच मिळतात. दोन वर्षांचा नर्सिंगचा कोर्स करून परवाना परीक्षा पास झालं, की रजिस्टर्ड नर्स म्हणून काम करता येतं.

पण एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. व्यावसायिक कोर्सची सगळी क्रेडिट विद्यापीठ मान्य करेलच असं नाही. आधी चौकशी केली नाही, तर तेच विषय पुन्हा शिकावे लागतात. वेळही जातो आणि पैसाही.

आपल्याकडेही पुढची दारं आहेत बरं का! दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय केला, तर पॉलिटेक्निकला थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळू शकतो. डिप्लोमा झाल्यावर इंजिनिअरिंगलाही तसंच. अटी असतात, जागा मर्यादित असतात. पण वाट बंद नसते.

म्हणून फॉर्म भरण्याआधी हे तीन प्रश्न वहीत लिहा आणि उत्तरं मिळवा :
• या कोर्सनंतर कोणतं काम मिळतं?
• पुढे शिकायचं ठरवलं, तर प्रवेश कुठे मिळतो?
• त्यासाठी आत्ता कोणते विषय घ्यावे लागतील?

उत्तरं मिळाली नाहीत, तर आपल्या वर्गशिक्षकांना नक्की विचारा. विचारण्यात कसला कमीपणा?