प्राणिशास्त्राच्या नोकरीला कोडिंग कशाला?

प्रश्न : माझं प्राणिशास्त्रात एम.एस्सी. झालं आहे. संशोधन संस्थांच्या प्रोजेक्ट असिस्टंटच्या जाहिरातींत हल्ली 'आर किंवा पायथॉन येत असल्यास प्राधान्य' असं हमखास असतं. मला एक्सेल चांगलं येतं. तेवढ्यावर भागणार नाही का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : नाही भागणार. त्याचं कारण तुमच्याच विषयात सापडतं. 'सेप्ट२' या जनुकाचं इंग्रजी नाव एक्सेलच्या चौकटीत टाकलं की ते आपोआप '२ सप्टेंबर' होऊन बसायचं. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत, जनुकांच्या याद्या एक्सेलमध्ये जोडलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे एक पंचमांश निबंधांत असे घोटाळे आढळले. अखेर मानवी जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीनं जनुकांचीच नावं बदलली. 'सेप्ट२' आता 'सेप्टिन२' आहे.

चूक कुणाच्याही हातून होते. पण एक्सेलमध्ये कोणती ओळ कधी खोडली, कोणता आकडा कुठून आला, याचा माग सहसा राहत नाही. कोडमध्ये प्रत्येक पायरी लिहिलेली असते. दुसरा कुणीही ती पुन्हा चालवून तुमचं उत्तर पडताळू शकतो. विज्ञानाला हेच तर हवं असतं!

तुम्ही 'आर'पासून सुरुवात करा. ती संख्याशास्त्रासाठीच घडवलेली भाषा आहे, मोफत आहे, आणि परिसंस्थाशास्त्रात व जनुकशास्त्रात तिचा मोठा वापर आहे. खगोलशास्त्रात आणि हवामानशास्त्रात पायथॉन जास्त चालते. दोन्हींच्या मागे एकदम लागू नका.

नुसत्या प्रमाणपत्रापेक्षा तडीस नेलेलं एक काम माझ्या मते जास्त बोलतं. 'ई-बर्ड'वरच्या पक्षीनोंदी विनंती केल्यावर मोफत मिळतात. समजा, भिगवणच्या रोहित पक्ष्यांच्या नोंदी घेतल्या. संख्येच्या रकान्यात मध्येच 'एक्स' दिसेल. पक्षी दिसला, पण मोजला नाही, असा त्याचा अर्थ. त्या 'एक्स'च्या जागी शून्य भरलंत, तर दिसलेला पक्षी गायब होतो आणि सरासरी खाली येते. पुढची अडचण याहून अवघड आहे. नोंदी वर्षागणिक वाढल्या, म्हणून पक्षी वाढले असं म्हणता येत नाही. कदाचित नोंदी करणारेच वाढले असतील. मग दिसलेले सगळे पक्षी नोंदवलेल्या पूर्ण याद्याच तेवढ्या घ्यायच्या आणि त्यांपैकी किती याद्यांत रोहित आहे, ते पाहायचं. हे कुठलीही आज्ञावली आपणहून सुचवत नाही. पक्ष्यांची आणि पक्षीनिरीक्षकांची जाण असणाऱ्यालाच ते सुचतं, आणि तिथे तुमची पदवी कामी येते.

असं काम झालं की कोड, आलेख आणि 'हे असं का केलं' हे सांगणारं एक पान गिटहबवर ठेवा व त्याचा दुवा अर्जात द्या. मुलाखतीत 'त्या एक्सचं काय केलंत?' असं कुणी विचारलं, तर उत्तर तुमच्याकडे तयार असेल.